ठेवी वाढल्या त्या वर्षी

रविवारी सकाळी दहा वाजता दादाने जेवणाच्या टेबलावरचा पसारा उचलला, ओल्या फडक्याने टेबल पुसलं आणि मधोमध पुस्तिका ठेवली. वर्षातून एवढं एकदाच दादा स्वतःच्या हाताने टेबल पुसतो. एरवी त्याच्या कपाचे गोल डाग वाळून पांढरे होतात तरी साहेबांना पत्ता नसतो. पण पुस्तिकेच्या रविवारची गोष्ट वेगळी. आजोबांनी तो चाळीस वर्षं पाळला, बाबांनी सतरा, आणि बाबा गेल्यापासून दादाचं हे सहावं वर्ष होतं.

"बसा सगळे," दादा म्हणाला. "काका, तुम्ही पण. आणि तो फोन जरा उलटा ठेवा."

"उलटा ठेवला की घड्याळ दिसत नाही," काका म्हणाले, पण ठेवला. बाबांचे हे धाकटे भाऊ घरच्या विजेच्या वस्तूंच्या दुकानात चार आण्यांचे भागीदार आणि गप्पांमध्ये सोळा आण्यांचे मालक होते.

धाकटी सगळ्यांत शेवटी जिना उतरून आली. दादाच्या या बहिणीने चाळिशी ओलांडली तरी घरात ती धाकटीच. काका तिला 'हेडऑफिस' म्हणत, आणि त्याला कारणही तसंच होतं. टेबलावरची ती पुस्तिका जिथे तयार व्हायची त्या बँकेच्या विभागीय कार्यालयात धाकटी अठरा वर्षं नोकरीला होती. सगळ्या शाखांचे तक्ते तिच्याकडे यायचे. ती ते तपासायची, चुका निघाल्या की शाखांना फोन करून त्यांची झोप उडवायची, आणि मग कुठल्या शहरात लोकांनी बँकेत किती पैसा ठेवला याचं एकेक पान तयार व्हायचं. पुस्तिका कुणीही मागितली की मिळते. पण मागायला येणारे दोनच, एक कॉलेजातले प्राध्यापक आणि दुसरा दादा.

आजोबांचं म्हणणं असं की दुकानात आलेलं गिऱ्हाईक कायम रडगाणंच गातं, त्याच्या बोलण्यावर जाऊन माल भरला तर दुकानाला कुलूप लागेल. गावाची तब्येत बघायची तर गावाच्या ठेवी बघाव्यात. ठेवी वाढल्या की ते माल वाढवत, घटल्या की हात आखडता घेत. एका वर्षी ठेवी घटल्या म्हणून त्यांनी पंखे निम्मेच मागवले, तेव्हा सगळा बाजार त्यांना हसला होता. पुढच्या वर्षी त्याच ओळीतली दोन दुकानं बसली. आणखी एका वर्षी ठेवी वाढल्या तेव्हा त्यांनी कपडे धुण्याची यंत्रं आणली, जी तोवर गावात कुणी पाहिलीही नव्हती, आणि ती तीन महिन्यांत संपली. या दोन गोष्टी या घरातल्या पोरांना अंगाई म्हणून ऐकवलेल्या होत्या म्हटलं तरी चालेल.

दादाने चष्मा लावला. पान त्याने आधीच उघडून, खूण घालून ठेवलं होतं, तरी ते शोधल्यासारखं केलं. पानाच्या उजव्या टोकाला एकूण ठेवींचा रकाना होता. दादाने बोट थेट तिथे नेलं.

"शेकडा एकतीस," तो म्हणाला. "एका वर्षात शहराच्या ठेवी शेकडा एकतीसने वाढल्या."

काकांनी लांब शीळ घातली.

"आजोबांच्या उभ्या हयातीत अकराच्या वर आकडा गेला नव्हता," दादा म्हणाला. "आई, ऐकतेस ना?"

"ऐकते आहे," आई म्हणाली. ती खिडकीपाशी बसून दादाच्या शर्टाला बटण लावत होती. उद्या नेसायची साडी तिने सकाळीच काढून ठेवली होती.

उद्या अकरा वाजता सह्या होत्या. चौकातली तीन मजली इमारत, पुढे सगळी काच, आत लिफ्ट. खाली फ्रीज, वर टीव्ही, त्याच्या वर स्वयंपाकघराचं सामान. दादाने ती स्वप्नात इतक्या वेळा लावून पाहिली होती की कुठल्या मजल्यावर कुठला दिवा हेही त्याला पाठ होतं. त्यासाठी लागणारं कर्ज एवढं होतं की जुनं दुकान पुरत नव्हतं, राहतं घर तारण द्यावं लागत होतं. आणि घर बाबांनी तिघांच्या नावावर ठेवलं होतं, आईच्या, दादाच्या आणि धाकटीच्या. तिघांच्या सह्या झाल्याशिवाय कागद पुढे सरकणार नव्हता.

"चला," दादाने पुस्तिका मिटली. "तोंड गोड करा. बिस्किटं आणली आहेत चांगली."

"दादा, मी उद्या सही करणार नाही," धाकटी म्हणाली.

गेले दोन महिने हे वाक्य तिने मनातल्या मनात किती तरी प्रकारे बोलून पाहिलं होतं. हळू सुरुवात करून, आधी इमारतीचं कौतुक करून, आईला आधी बाजूला घेऊन. शेवटी ते निघालं ते असं धाडकन. पण ते परत घ्यावं असं तिला एकदाही वाटलं नाही.

"कशाची सही?" काकांनी विचारलं. त्यांना उत्तर माहीत होतं.

"घराची. हे घर तारण ठेवायला माझी संमती नाही."

दादाने चष्मा काढला. "आज सांगतेस? बयाणा देऊन तीन महिने झाले. उद्या सह्या झाल्या नाहीत तर तो बुडाला. दुकानाचा चार महिन्यांचा नफा आहे तो, छोटे."

छोटे म्हणून तो तिला फक्त फार रागात किंवा फार मायेने हाक मारायचा. या वेळी कुठल्या, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"मला माहीत आहे. मी तेव्हाच सांगायला हवं होतं, पण तेव्हा हे पान तयार नव्हतं."

"आणि आता पान तयार आहे, त्यावर शेकडा एकतीस लिहिलंय, तेही तुझ्याच हातचं. मग घोडं कुठे अडलं?"

धाकटीने पुस्तिका पुढे ओढली आणि तेच पान उघडलं. "तू शेवटचा रकाना वाचलास. त्याच्या आधी चार रकाने आहेत."

दादाने वाकून पाहिलं. ते चार रकाने तिथे आहेत याचं त्याला खरोखरच नवल वाटलेलं दिसलं.

"हे नवीन आहेत?"

"अकरा वर्षं झाली."

"कुणी घातले?"

"मी."

भिंतीला टेकून उभी असलेली वहिनी हसली आणि लगेच तिने तोंडावर हात घेतला. दादाची ही बायको दुकानातली हप्त्यांची बाजू सांभाळायची आणि घरातल्या वादात सहसा पडायची नाही. पडली की मात्र हिशेब चुकता करूनच उठायची.

धाकटीला हसू आलं नाही, तिला लाज वाटली. आजोबांच्या काळात पुस्तिकेत एकच आकडा छापून यायचा, म्हणून त्यांनी एकच वाचला. बाबांनी आजोबांना पाहून एकच वाचला. पुढे आणखी रकाने आले तरी या टेबलावरचं बोट थेट उजव्या टोकालाच जात राहिलं, आणि ज्या बाईने ते रकाने भांडून भांडून छापायला लावले ती समोर बसून गप्प ऐकत राहिली. दर वर्षी दादा तो आकडा मोठ्याने वाचायचा तेव्हा तिला फार बरं वाटायचं. तिच्या कामाचा मान फक्त या एका टेबलावर व्हायचा. त्या सुखात तिला मध्येच तोंड घालावंसं वाटलं नव्हतं.

"आता वाचू या," ती म्हणाली. "हा पहिला रकाना, चालू खाती. यात दुकानदारांचा रोजचा गल्ला जातो. आज भरला, उद्या माल घ्यायला काढला. हा घटलाय, शेकडा नऊने. म्हणजे बाजारात पैसा कमी फिरला."

"माझा नाही घटला," काका म्हणाले.

"काका, तुमचं चालू खातं नाहीच."

"तेच म्हणतोय मी."

"हा दुसरा, बचत खाती. पगारदार माणसांचा घरखर्चाचा पैसा. जिथल्या तिथे. तिसरा, मुदत ठेवी. वर्षाच्या, तीन वर्षांच्या, पाच वर्षांच्या. सगळी वाढ इथे आहे. आणि हा चौथा, खात्यांची संख्या. ती हललेलीच नाही. नवीन माणसं आली नाहीत, नवीन धंदे उघडले नाहीत. होत्या त्याच माणसांनी मोठी रक्कम आणली आणि ती कुलपात घातली."

दादाने रकाने एकेक करून वाचले. तो मूर्ख नव्हता, कधीच नव्हता. गिऱ्हाईक दारातून आत आलं की ते फ्रीज घेणार की नुसतं दार उघडून गार हवा खाणार, हे तो ओळखायचा. पण आजोबांचा आकडा त्याच्यासाठी आकडा नव्हता. त्यावर शंका घेणं म्हणजे आजोबांवरच घेणं, असं त्याच्या मनात घट्ट बसलेलं होतं.

"पैसा तो पैसा," तो शेवटी म्हणाला. "आज कुलपात आहे, उद्या बाहेर येईल. आणि बाहेर येईल तेव्हा गावात एकच मोठं दुकान असेल."

"ज्याने पाच वर्षांसाठी ठेवलाय तो उद्या फ्रीज घ्यायला येत नाही, दादा. ज्याला पुढच्या महिन्याचा पगार दिसतो तो हप्त्यावर वस्तू घेतो. ज्याला तो दिसत नाही, तो पैसा पुरवून पुरवून वापरतो."

"का नाही दिसत? अचानक गावातल्या लोकांना झालंय काय?"

धाकटीने पुस्तिकेवरचं बोट काढून घेतलं.

तिला माहीत होतं. दोन महिन्यांपूर्वी नदीपलीकडच्या शाखेचा तक्ता तिच्याकडे आला तेव्हा एका ओळीत एवढा मोठा आकडा होता की कारकुनाने दोन शून्यं जास्त मारली असणार असं धरून तिने मॅनेजरला फोन लावला होता. मॅनेजर आधी इकडचं तिकडचं बोलला. मग आवाज खाली आणून म्हणाला, शून्यं बरोबर आहेत, मॅडम. बाटल्यांच्या कारखान्याने वेगळं खातं उघडलंय. सगळ्या कामगारांची अखेरची देणी. अजून कुणाला सांगितलेलं नाही, चार महिन्यांनी नोटीस लागणार आहे. तिने फोन ठेवला, तो आकडा त्या ओळीत भरला, आणि दुपारचा डबा न उघडता घरी आणला. बाराशे माणसं होती तिथे. रुजू झाली त्या दिवशी तिने एका कागदावर सही केली होती, कुठल्याही खात्याची माहिती बाहेर, घरी, कुठेही बोलणार नाही म्हणून. त्या सहीमुळे आजवर तिचं काही अडलं नव्हतं.

"बघा बघा," काका म्हणाले, "हेडऑफिसला आतलं काहीतरी माहीत आहे."

दादाने तिच्याकडे पाहिलं. "आहे?"

"हे मला विचारू नकोस."

"म्हणजे आहे."

"म्हणजे विचारू नकोस, एवढंच. काही असतं तरी मी हेच म्हणाले असते, आणि काही नसतं तरी हेच."

"अगं, घर गहाण पडतंय," दादाचा आवाज चढला. "आई या घरात राहते. तू राहतेस. आणि तुला काही माहीत असेल तर तू मूग गिळून बसणार? बँक तुझी कोण लागते? मी कोण लागतो?"

हा घाव बरोबर बसला. बाबा गेले त्या वर्षी दुकान बुडता बुडता वाचलं होतं ते दादाच्या कष्टांवर, आणि त्या दिवसांत धाकटीच्या पगाराला त्याने हात लावू दिला नव्हता. ती हे विसरलेली नव्हती. तिला उठून त्याच्या कानात दोन शब्द सांगावेसे वाटले. दोनच पुरले असते.

"दादा, आजोबा या पुस्तिकेवर का विश्वास ठेवायचे?" ती म्हणाली. "त्यांना कोण ती भरतं तेही माहीत नव्हतं. पण जो कुणी होता तो संध्याकाळी घरी जाऊन भावाला सांगत नव्हता, की बघ, अमक्याने एवढे ठेवले, तमक्याने एवढे काढले. सांगितलं असतं तर लोकांनी बँकेत पैसा ठेवलाच नसता आणि आजोबांना आकडाच मिळाला नसता. आता त्या खुर्चीवर मी आहे. जे पुस्तिकेत आहे ते मी तुला रात्रंदिवस समजावून सांगीन. जे नाही ते माझ्याकडे मागू नकोस. आणि सही मी करणार नाही, ते पुस्तिकेत जेवढं आहे तेवढ्यावरूनच."

"शाबास," दादा म्हणाला, आणि त्यात शाबासकी नव्हती.

आईने दोरा दातांनी तोडला. "त्याने बयाणा दिलाय गं," ती म्हणाली. "चारचौघांत त्याचं नाक कापलं जाईल. तुझ्या आजोबांचा आकडा कधी चुकला नाही आजवर."

"आकडा चुकलेला नाहीच, आई. आपण अर्धाच वाचला."

"मला नाही त्यातलं कळत. मला एवढं कळतं की उद्या तुम्ही दोघं एकमेकांशी बोलणार नाही, आणि मी मध्ये."

काकांनी खुर्ची दादाच्या बाजूला सरकवली. वारा कुठून वाहतोय हे पाहूनच ते नेहमी खुर्ची सरकवायचे. "मी काय म्हणतो," ते म्हणाले, "हिचा हिस्सा वेगळा काढून देता येतो का ते वकिलाला—"

"थांबा जरा," वहिनी म्हणाली.

ती भिंतीपासून दूर झाली आणि पुढच्या दाराने निघून गेली. दुकान घराच्या पुढच्याच बाजूला होतं. शटर अर्धं वर गेल्याचा आवाज आला, मग खाली आल्याचा. काकांनी एक बिस्कीट खाल्लं. वहिनी परतली तेव्हा तिच्या हातात हप्त्यांची वही होती.

"मला ठेवीबिवी कळत नाहीत," ती उभ्यानेच म्हणाली. "पण गेल्या चार महिन्यांत एक गंमत होते आहे. मी अहोंना सांगितलीही होती. लोक येतात आणि उरलेले सगळे हप्ते एकदम भरून टाकतात. एक्केचाळीस जणांनी भरले."

"हेच तर मी म्हणतोय," दादा टेबलावर हात आपटून म्हणाला. "लोकांकडे पैसा आहे. मी तेव्हाही म्हटलं, बघ, गाव सुधारलं."

"म्हणालात खरं. मलाही तेव्हा पटलं. पण मघापासून वन्संचं ऐकतेय आणि मला आठवतंय, या एक्केचाळिसांतल्या एकानेही नवीन वस्तू घेतलेली नाही." तिने पान उलटलं. "अहो, आपल्याकडे फ्रीजचा हप्ता संपत आला की माणूस टीव्हीकडे बघायला लागतो. तुम्हीच मला शिकवलंत ते. हप्ता संपलेल्या माणसाला चहा पाज, तो रिकामा जात नाही. मी एक्केचाळीस चहा पाजले. एक्केचाळीस जण रिकामे गेले."

दादाने हात पुढे केला. वहिनीने वही त्याला दिली नाही, टेबलावर ठेवून त्याच्या शेजारी बसली, आणि दोघं नवरा-बायको नावांवरून बोट फिरवायला लागले. धाकटी समोरून बघत होती. आपण वहिनीला गेली वीस वर्षं नीट ओळखलंच नाही, असं तिच्या मनात आलं. ही बाई शाखेत असती तर तिच्या तक्त्यात चूक निघाली नसती.

"हे वयस्कर आहेत," दादा म्हणाला. "हेही. यांनी म्हणे लवकर निवृत्ती घेतली. एकरकमी मिळाले असतील."

"कुठून घेतली निवृत्ती?" आईने विचारलं.

"कारखान्यातून. काही जणांना दिली म्हणे कारखान्याने, राजीखुशीने. हे बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात काय."

"आणि हा?" वहिनीचं बोट पुढच्या नावावर आलं. "हा तर पस्तिशीचा आहे. याची बायको आली होती भरायला. म्हणाली, डोक्यावर काही नको आता." ती पत्ते वाचायला लागली. "नदीपलीकडची, कारखान्याची कॉलनी. कॉलनी. हाही कॉलनी. हा नाही. हा कॉलनी, कॉलनी…"

ती थांबली. बोट तिथेच राहिलं.

दादाही थांबला. त्याने वही जवळ ओढून उरलेली पानं स्वतः पाहिली, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. मग पुस्तिका उघडून मुदत ठेवींचा रकाना पाहिला. हे सगळं त्याने इतक्या हळू केलं की धाकटीला त्याच्याकडे बघवेना. तिची भीती होती की तो चिडेल. तो चिडला नाही.

"तीस वर्षं गिऱ्हाईक बघतोय," तो म्हणाला. "आणि घाबरलेला माणूस माझ्या दुकानात चहा पिऊन गेला, मी म्हणालो, गाव सुधारलं."

"तसं नाही रे," धाकटी म्हणाली.

"तसंच आहे. तू मध्ये बोलू नकोस, तू बोलायचं नाहीच म्हणालीस ना." पण हे बोलताना त्याने तिच्याकडे पाहिलं आणि त्या बघण्यात राग उरलेला नव्हता. "बयाणा गेला, आई."

"गेला तर गेला," आई म्हणाली. बटण लावलेला शर्ट तिने झटकला. "घर गेलं असतं म्हणजे?"

काकांची खुर्ची पुन्हा मधोमध आली. "मला पहिल्यापासूनच ती लिफ्ट पटली नव्हती," ते म्हणाले. त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

वहिनीने वही मिटली नव्हती. "वन्सं," ती म्हणाली.

धाकटीला पुढचं कळलं. वहिनीचा पाठचा भाऊ त्याच कारखान्यात भट्टीवर फिटर होता. दोन लहान मुली, बायको शिवणकाम करायची. गेल्या महिन्यात तो इथे येऊन पेढे वाटणाऱ्याच्या थाटात सगळ्यांना नव्या घराचा नकाशा दाखवून गेला होता. पहिली रक्कम तो येत्या शुक्रवारी भरणार होता, आणि त्यासाठी त्याने होती नव्हती ती सगळी शिल्लक गोळा केली होती.

"माझा भाऊ तिथे आहे," वहिनी म्हणाली. "मी घराचं विचारत नाही, इमारतीचं विचारत नाही. त्याचं एक विचारते. तो राहील का तिथे?"

दादा काही बोलायला गेला, वहिनीने हाताने थांबवलं. झटकलेला शर्ट आईच्या हातात तसाच राहिला.

दादाला नाही म्हणणं धाकटीला जमलं होतं. दादा भाऊ होता, त्याच्याशी लहानपणापासून भांडायची सवय होती. ही बाई आताच तिच्या बाजूने उभी राहिली होती, कुणी न सांगता, नवऱ्याच्या विरोधात, आणि तिच्यामुळे घर वाचलं होतं. तिला नाही कसं म्हणायचं ते धाकटीला कळेना. हो की नाही, मान हलवली तरी चाललं असतं. पण आज वहिनीच्या भावासाठी मान हलवली तर उद्या शेजारणीच्या नवऱ्यासाठी का नाही, आणि बाराशे जणांतल्या ज्यांची बहीण या घरात दिलेली नाही त्यांनी कुणाकडे जायचं, हे प्रश्न तिने दोन महिने घोळवले होते. त्यांची उत्तरं आज बदलणार नव्हती.

"वहिनी," ती म्हणाली, "मी नाही सांगू शकत. तू मला आयुष्यभर माफ केलं नाहीस तरी चालेल. नाही सांगू शकत."

वहिनी तिच्याकडे बघत राहिली. धाकटीने नजर वळवली नाही. निदान एवढं तरी आपण तिचं देणं लागतो, असं तिला वाटलं.

"बरं," वहिनी शेवटी म्हणाली आणि वही मिटली.

मग दादा उठून खिडकीशी गेला. दुकानाच्या मागच्या बाजूची पत्र्याची खोली तिथून दिसायची. जुनी खोकी आणि मोडके पंखे तिथे पडून असायचे.

"नवीन कुणी घेणार नाही," तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. "दोन-तीन वर्षं तरी नाही. पण जुना फ्रीज बंद पडला तर कुठे जाणार? फेकून तर देणार नाहीत. दुरुस्त करून घेतील. आणि गावात दुरुस्तीला धड माणूस नाही, एक आहे तो आठ दिवस फिरवतो." तो वळला. "ती खोली रिकामी केली तर तीन माणसं बसतील. कर्ज नको, सही नको कुणाची. हत्यारं घ्यायची आणि हाताने काम जाणणारा माणूस बघायचा."

त्याने बायकोकडे पाहिलं. तिने पदराने डोळे पुसले, काकांच्या हाताजवळ उलटा पडलेला फोन उचलला आणि नंबर लावला.

"मी बोलतेय. हो, सगळे बरे आहेत. ऐक, शुक्रवारची घराची रक्कम भरू नकोस. भरू नकोस म्हटलं ना. बायको चिडेल तर तिला माझ्याकडे पाठव." पलीकडून तो बराच वेळ बोलत होता. वहिनी ऐकत होती आणि पाठ ताठ करून उभी होती. "उद्या पाळी सुटली की इकडे ये. दाजींना तुझ्याशी बोलायचंय, कामाचं. नाही, भांडण नाही. नाही रे, मला कुणीच काही सांगितलेलं नाही. दुकानाची वही वाचली आणि बहीण म्हणून सांगतेय."

मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं, कारण वहिनीची नजर टेबलापलीकडे आली आणि धाकटीवर थांबली.

"त्या इथेच आहेत," वहिनी फोनमध्ये म्हणाली. "पण त्यांना विचारायचं नाही. मी सांगतेय म्हणून. या घरातलं कुणीही त्यांना विचारणार नाही."